थंडीत खुराडं झाका, पण वरची फट बुजवू नका

येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावस्येच्या) सुमारास परभणी-नांदेडकडं पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरला, की खुराड्याला चारी बाजूंनी बारदाना गुंडाळला जातो. मग कोंबड्या घरघरायला लागतात आणि दोष जातो थंडीला. खरं तर पिसारा भरलेली मोठी कोंबडी एवढी थंडी सहज काढते. तिच्या अंगातच ४१ अंशांची ऊब असते. तिला बाधतो ओलावा आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया. एक कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात चारातले तीन हिस्से पाणीच असतं.

खालची मापं दहा कोंबड्यांच्या, सहा बाय चार फुटी खुराड्याची आहेत.

आधी फट. पत्रा आणि लांब भिंत यांच्यामध्ये दोन्ही अंगांना सहा इंच जागा मोकळी सोडा. तिथं अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठोका, म्हणजे साप-मुंगूस आत येणार नाही. ऊन वाफ वर चढून इथूनच बाहेर पडते.

मग कोंबड्यांना रात्री बसायचे दांडे. कोंबडीमागं आठ इंच जागा लागते, म्हणून दोन दांडे. उंची जमिनीपासून दोन फूट. फट बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या किमान एक फूट वर हवी, नाहीतर झोत थेट अंगावर येतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पडद्यात. थंडीत आपल्याकडं वारा उत्तर-ईशान्येचा, त्यामुळं उत्तर आणि पूर्व या दोनच बाजू झाका. बारदाना वरून सोडला की पहिल्यांदा फटच बंद होते. उलटं करा: खालची कड भिंतीला पक्की बांधा, वरची कड दोरीनं ओढून फटीच्या खाली थांबवा. सकाळी ऊन आलं की दोरी सोडायची. प्लास्टिकचा कागद मात्र नको, त्याला आतून घाम फुटतो.

पत्र्यावर तुराट्या किंवा कडब्याचा थर टाकून दोरीनं आवळा. उघडा पत्रा रात्री गार पडतो आणि पहाटे आतून ठिबकतो.

खाली तीन-चार इंच भुस्सा किंवा भुईमुगाची टरफलं. मूठभर दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओल आहे. ओला भाग काढून कोरडा टाका. वास मारायला चुना भुरभुरतात, पण चुन्यानं अमोनिया आधी जास्तच सुटतो.

तपासायचं पहाटे, दार उघडताक्षणी. डोळे चुरचुरले किंवा पत्र्याखाली थेंब दिसले तर फट आणखी दोन इंच वाढवा. दांड्यावर बसल्या जागी पिसं हलत असतील तर फट तशीच ठेवून पडदा चार बोटं वर घ्या.

महिन्याच्या आतल्या पिल्लांना यातलं काही लागू नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, तेव्हा त्यांचा डबा वेगळाच ठेवा.