जड ट्रक निवडताना या चुका टाळा : स्टिअरिंगवर बसणाऱ्याच्या नजरेतून

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिकाम्या गाडीची ट्रायल. रिकामी गाडी कुठलीही पळते. न्हावाशेवा बंदरातून भरलेला कंटेनर लावून खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढायला घेतला की खरं काय ते कळतं. डीलरकडे भरल्या गाडीची ट्रायल मागा, आणि शेठऐवजी गाडी ज्याच्या हातात जाणार आहे त्याला चालवू द्या.

हॉर्सपॉवर सगळे विचारतात, मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्ट किती फेरे घेतो, ते क्वचितच कोणी विचारतो. इंजिन आणि टायर तेच असले तरी 5.3 च्या आसपासचा रेशो सपाट हायवेवर डिझेल वाचवतो. रोज घाट आणि जड माल असेल तर 6 च्या वरचा घ्या, नाहीतर अर्धा घाट खालच्या गिअरमध्ये रडत चढावा लागतो आणि क्लच प्लेट लवकर जाते. उतारावर एक्झॉस्ट ब्रेकही (धूर अडवून इंजिननेच वेग कमी करणारा) बघून घ्या. खालचा गिअर, आरपीएम वर, स्विच चालू. ब्रेक पेडलला पाय न लावता वेग आटोक्यात राहिला पाहिजे.

पासिंगच्या, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनाच्या हिशेबात कंटेनरचं स्वतःचं वजन विसरलं जातं. 20 फुटी रिकामा कंटेनर साधारण सव्वादोन टनांचा, 40 फुटी पावणेचार ते चार टनांचा. हे सगळं भाड्याच्या मालातून वजा होतं. शिवाय एकूण वजन बसलं तरी माल पुढे-मागे लागला तर एखादा ॲक्सल ओव्हरलोड होतोच. चार टायरच्या एका ॲक्सलला 11.5 टन आणि टँडमला (जवळजवळच्या दोन ॲक्सलच्या जोडीला) 21 टन ही मर्यादा आहे. लिफ्ट ॲक्सल (गरज नसताना वर घेता येणारा) उचलून भरलेली गाडी चालवणं म्हणजे हाच ओव्हरलोड आपल्या हाताने करणं.

आता बीएस-6 गाड्यांचं दुखणं. बंदराच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू, मग सीएफएसपर्यंत (बंदराजवळच्या कंटेनर यार्डापर्यंत) छोटी फेरी. यात सायलेन्सर पुरेसा तापत नाही, डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठते आणि एक दिवस गाडी पिकअपच सोडते. तुमचं काम असं असेल तर उभ्या गाडीत हाताने रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळायचा स्विच आहे का, हे घेण्याआधी बघा. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की टाळू नका. मोकळी जागा शोधा, गवत आणि ताडपत्रीपासून लांब. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, स्विच दाबा. आरपीएम आपोआप वाढतो आणि काम व्हायला बऱ्याच मॉडेल्समध्ये अर्धा-पाऊण तास लागतो. मध्येच इंजिन बंद केलं तर काजळी अर्धवट जळते आणि दिवा पुन्हा लागतो.

डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये फवारलं जाणारं द्रावण, आपल्या भाषेत युरिया, स्वस्तातल्या सुट्या ड्रममधून घेऊ नका. त्यात 32.5 टक्के युरिया असावा लागतो. पाणी मारलेला माल सेन्सर ओळखतो आणि गाडीची ताकद कापतो. डिझेलच्या साधारण 4 ते 6 टक्के डीईएफ लागतो. 300 लिटर डिझेल जळूनही टाकीची पातळी जेमतेम हलली, तर काहीतरी बिघडलंय. डीईएफ फवारणाऱ्या डोझिंग इंजेक्टरच्या जोडाला मिठासारखा पांढरा थर दिसला तर तिथे गळती आहे. निळ्या झाकणाच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर किल्लीसुद्धा फिरवू नका, आधी टाकी रिकामी करा.

जुनी गाडी बघताना ब्रेकची हवा भरून इंजिन बंद करा, ब्रेक पेडल एक मिनिट दाबून ठेवा. दाबल्याबरोबरची पहिली घट सोडून काटा 0.3 बारपेक्षा जास्त उतरला तर हवा गळतेय. मग एअर टँकचा ड्रेन उघडा. मुंबईच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर जास्तच, थोडं पाणी निघणार, पण पाण्यासोबत काळं तेल आलं तर कंप्रेसरचा खर्च किमतीतून कापून मागा. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा : 3422 म्हणजे 2022 चा 34 वा आठवडा. गोटी (टायरची नक्षी) भरपूर आणि टायर जुनाट, असा जोड पावसाळ्यात दगा देतो.

ट्रेलर दुसऱ्याचा ओढणार असाल तर किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) 2 इंची की साडेतीन इंची ते विचारा. ट्रकवरचं फिफ्थ व्हील, म्हणजे ती खुंटी अडकवायची ताटली, त्याच मापाचं नसेल तर जोडणी होत नाही, आणि हे यार्डात पोचल्यावर कळून उपयोग नाही.

केबिनला अनेक मालक चैन समजतात. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, म्हणून जुन्या स्टॉकमधली गाडी सवलतीत मिळाली तर बिनएसी आहे का ते तपासा. सीटवर दहा मिनिटं बसा, क्लच वीस-तीस वेळा दाबा, डाव्या आरशात मागचं चाक दिसतं का बघा. भिवंडीच्या गोडाऊनच्या गल्लीत रिव्हर्स घेताना तेच चाक आधी गटारात जातं.