स्पोर्टी गाडी घेताय? आधी तिला रांगवून बघा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की सेल्समन गिअर किती मिलिसेकंदांत बदलतो ते सांगायला लागतो. ऐकून घ्या आणि सोडून द्या. आजकालचे बहुतेक चांगले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तुमच्या-माझ्या हातापेक्षा वेगवानच असतात. मी कुणासोबत टेस्ट ड्राइव्हला गेले, की आधी गाडी गर्दीत न्यायला लावते. माणसाच्या चालीने गाडी कशी सरकते, यावरून जेवढं कळतं तेवढं मोकळ्या रस्त्यावर कळत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मुख्यतः चार प्रकारचे. त्यातले दोन मी लगेच बाजूला काढते. पहिला एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते आणि मान पुढे झुकते. एकच क्लच असलेले असे गिअरबॉक्स १९९७ च्या फेरारी एफ३५५ मध्येही होते, लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरमध्येही होते, आणि हिसका तिथेही चुकला नाही. दुसरा सीव्हीटी, म्हणजे ज्यात ठरावीक गिअर नसतात, गुणोत्तर सलग बदलत राहतं. तो मंद असतो असं म्हणणं अन्याय होईल. विल्यम्स या रेसिंग संघाने १९९३ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत तो चालवून पाहिला आणि पुढच्याच मोसमासाठी नियमाने त्यावर बंदी आली. पण रस्त्यावरच्या गाडीत इंजिनचा आवाज एकीकडे आणि वेग दुसरीकडे असं होतं. स्पोर्टी गाडीत मला ते सहन होत नाही.

उरले दोन: ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर. खरी निवड इथेच आहे.

ड्युअल क्लचमध्ये एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो, म्हणून बदल जाणवतही नाही. मात्र तयार काय ठेवायचं हा संगणकाचा अंदाज असतो. तो चौथा धरून बसला आणि तुम्ही अचानक ॲक्सिलरेटर दाबून दुसरा मागितलात, तर गाडी थोडा विचार करते. शिवाय रांगताना क्लच घासतच राहतो आणि तापतो. त्यामुळे क्लच ओला की कोरडा, हे विचारायलाच हवं. तेलात बुडालेला ओला क्लच उष्णता बराच सहन करतो. कोरडा हलका आणि काटकसरी, पण नाजूक. फोक्सवॅगनचा कोरडा सात गिअरवाला डीएसजी (ड्युअल क्लचला त्यांनी दिलेलं नाव) २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या ताकदीसाठी, बनवलेला आहे. म्हणजे पुढे इंजिन ट्यून करून ताकद वाढवून घ्यायचा बेत असेल, तर तो आत्ताच विसरा.

टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलातून पुढे पोचवतो. त्याला ढिला म्हणून हिणवायची जुनी सवय आहे. एकेकाळी ते खरंही होतं. इंजिन आणि चाकांच्या मध्ये सतत तेलच घसरत असायचं. आता निघाल्यावर थोड्याच वेळात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच लागतो आणि ते घसरणं जवळपास संपतं. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरवाला बघा. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये ड्युअल क्लच काढून तोच बसवला, मग एम३ आणि एम४ मध्येही. पोर्शे मात्र ९११ मध्ये ड्युअल क्लचच ठेवून आहे. जाणत्यांचंच जिथे एकमत नाही, तिथे तुमचा रोजचा रस्ता बघून ठरवा. रोज सिग्नलला अडकणार असाल तर टॉर्क कन्व्हर्टर, डोळे मिटून. सुट्टीच्या दिवशी घाट आणि अधूनमधून ट्रॅक असेल, तर ओला ड्युअल क्लच.

आता गाडी हातात घ्या. चढावर रिव्हर्स घ्या आणि ब्रेक सोडून इंच-इंच मागे जाता येतं का बघा. पार्किंगमध्ये डी-आर-डी (पुढे-मागे-पुढे) असं पटापट बदला. काही गाड्या इथे चक्क गोंधळतात. मग ताशी ४० वर स्थिर राहून ॲक्सिलरेटर तळाशी दाबा आणि ओढ लागेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा.

मॅन्युअल मोडला, म्हणजे स्टीअरिंगमागची पॅडल ओढून गिअर स्वतः बदलायच्या सोयीला, सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पैसे तिथे मोजताय. रेडलाइनला, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, गाडी गिअर धरून ठेवते की स्वतःच वर टाकते? वळणाआधी ब्रेक लावत गिअर उतरवणारं डावं पॅडल दोनदा ओढलं तर दोन्ही गिअर उतरतात, की एक गिळून टाकते? थोड्या वेळाने न विचारता डी मध्ये परत जाते का? पॅडल धातूचं आहे की प्लॅस्टिकचं याने मला फरक पडत नाही. ओढल्यावर गाडी ऐकते का, एवढंच मी बघते. आणखी एक: गिअरबॉक्स स्पोर्टमध्ये आणि सस्पेन्शन नॉर्मलमध्ये असं वेगवेगळं ठेवता येतं का, ते मेनूत शोधा. खड्ड्यांच्या रस्त्यावर ही सोय पॅडलपेक्षा मोलाची.

जुनी गाडी घेत असाल तर गिअरबॉक्सचं तेल बदलल्याच्या पावत्या मागा. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ असं उत्तर आलं तर मान डोलवू नका. आठ गिअरवाल्यासाठी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरवाल्या ओल्या डीएसजीचं तेल तर ६०,००० ला बदलायचं असतं. आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पहिल्यातून दुसऱ्यात जातानाचा धक्का गिअरबॉक्स थंड असतानाच पकडता येतो. गेल्यावर बॉनेट गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घ्या.