गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर का आणि कुठे लावायचा

मुंबईतल्या फ्लॅटचं बाथरूम बहुतेकदा चार बाय सहा फुटांचं, उंची आठ फूट. म्हणजे 192 घनफूट, जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गिझर साधारण 12 किलोवॅटचा गॅस जाळतो. पीएनजीच्या, म्हणजे पाइपने घरात येणाऱ्या गॅसच्या, 1 घनमीटरला जवळपास 10 घनमीटर हवा लागते. त्या हिशेबाने दहा मिनिटांत दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो, म्हणजे बंद बाथरूममधला एक तृतीयांशाहून जास्त. ज्योत त्याच्या बरीच आधी बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. या विषारी वायूला ना रंग ना वास. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वासही ज्योतीत जळून गेलेला असतो, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही.

अमेरिकेत घर उबदार ठेवणाऱ्या गॅस फर्नेससाठी खोलीतलीच हवा वापरायची असेल, तर दर ताशी 1,000 बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं एकक) 50 घनफूट जागा धरतात. तोच निकष इथे लावला तर या गिझरला 2,000 घनफुटांहून मोठी खोली हवी. बाथरूम त्याच्या दहाव्या हिश्शाचंही नाही. म्हणून आमचं मत ठाम आहे: गिझर बाथरूममध्ये लावूच नका.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे उघडी धुण्याची बाल्कनी. तिथल्या भिंतीवर गिझर बसवा आणि गरम पाण्याची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची) लाइन भिंतीतून आत न्या. लाइन लांबली तर पाणी वाया जाईल असं प्लंबर सांगतात, पण अर्ध्या इंची चार मीटर पाइपात फार तर अर्धा लिटर पाणी मावतं. ज्योतीची खिडकी डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. वर कपड्यांची दोरी नको, बाजूला प्लास्टिकचं कपाट नको. भिंतीपासून आणि छतापासून किती अंतर सोडायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळा.

बाल्कनी स्लायडिंग लावून बंद केलेली असेल तर ती बाल्कनी राहत नाही, खोलीच होते. मग बाहेरच्या बाजूला कायमचे उघडे दोन झरोके हवेत: एक छतापासून फूटभराच्या आत, दुसरा जमिनीपासून फूटभराच्या आत. खालून ताजी हवा येते, वरून गरम धूर जातो. एकच झरोका ठेवला तर दोन्ही कामं अर्धवट होतात. आकार मोजताना जाळी आणि पट्ट्या वजा करून उरलेली मोकळी जागाच धरा. खिडकी उघडी ठेवू, हा भरवसा पुरत नाही. पावसात झड आत येते, डिसेंबरात गार वारा येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत खिडकी बंद होते. रिनोव्हेशनमध्ये काचेच्या पट्ट्या काढून अखंड काच बसवण्याची चूकही वारंवार होते.

डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेत, धूर सोडायचा असेल तर आधी वर पाहा. डक्टच्या डोक्यावर पत्रा घातला असेल, किंवा धुराच्या पाइपाचं तोंड वरच्या मजल्याच्या बाथरूम खिडकीखाली येत असेल, तर तिथे सोडू नका. तो धूर शेजाऱ्यांच्या घरात जाईल.

एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर काढतो, आत आणत नाही. खाली वाट नसेल तर तो धुराच्या पाइपातला धूर उलटा आत खेचतो. स्वयंपाकघरातली चिमणीही हेच करते. तपासायला दारं-खिडक्या लावा, सगळे पंखे आणि चिमणी चालू करा आणि खालच्या झरोक्याशी पेटती उदबत्ती धरा. मात्र गॅसचा वास येत असेल तर काडीही ओढू नका. धूर ठळकपणे आत वळला तर झरोका हवा घेतोय. मग गिझर चालू करून धुराच्या पाइपाच्या सांध्याशी उदबत्ती न्या. तिथून धूर खोलीत ढकलला जात असेल तर गिझर बंद ठेवा.

एलपीजीचा गिझर पीएनजीवर जोडू नका. घरगुती एलपीजीचा दाब साधारण 30 मिलिबार, पीएनजीचा 21. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, वेगळे असतात. पीएनजीची लाइन गॅस कंपनीच्याच माणसाकडून वाढवून घ्या. सांधे साबणाच्या फेसाने तपासा.

ज्योत निळी हवी. पिवळी झाली किंवा काजळी दिसली तर वापर थांबवा. समुद्राच्या खाऱ्या हवेने बर्नर गंजतो, धुळीने छिद्रं बुजतात. वर्षातून एकदा साफ करून घ्या. बऱ्याच गिझरांत 20 मिनिटांचा टायमर असतो, पण तो फक्त वेळ मोजतो, हवा नाही. एलपीजी गळतीचा अलार्मही कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्याचा वेगळा अलार्म घ्यावा लागतो.

गिझर आधीच बाथरूममध्ये असेल तर तो हलवेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

आंघोळीत डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले तर नळ बंद करून लगेच बाहेर या. कोणी आत पडलेलं आढळलं तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला तरी थांबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. गॅस गिझर चालू होता, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील.