गच्चीवर पडलेल्या पावसाचं वजन कसं काढायचं?

‘काल ठाण्यात शंभर मिलीमीटर झाला’ असं जुलैत आपण सहज बोलून जातो. मिलीमीटर ही नुसती उंची. त्या पाण्याचं वजन किती, हे कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत काढता येतं.

सगळी किल्ली एवढीच: एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पुढे फक्त गुणाकार.

आधी जागा चौरस मीटरमध्ये आणा. आपले सगळे व्यवहार चौरस फुटांत, म्हणून १०.७६४ ने भागा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगची गच्ची ३,००० चौरस फुटांची, म्हणजे साधारण २७९ चौरस मीटर. इथेच गडबड होते. मीटरचे ३.२८ फूट, म्हणून लोक ३.२८ ने भागून मोकळे होतात. लांबीला एकदा, रुंदीला एकदा, असं दोनदा भागायला हवं. मीही पहिल्यांदा ९१५ चौरस मीटरची गच्ची काढून बसलो होतो.

मग पाऊस. आकडा इंचांत असेल तर २५.४ ने गुणा. घरीच मोजायचा असेल तर उभ्या कडांचा स्टीलचा डबा झाडापासून, कठड्यापासून लांब ठेवा आणि आत पट्टी धरा. बादली नको, ती वर रुंद असते, आकडा फुगतो. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, डबाही तेव्हाच रिकामा करा.

आता गुणा: २७९ × १०० = २७,९०० किलो. जवळजवळ २८ टन, दहा हजार लिटरचे पावणेतीन टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला. तेवढा या गच्चीवर पडला तर २६३ टन.

शहापूर-मुरबाडकडे शेत असेल तर आणखी सोपं. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, तेव्हा गुंठ्यावर एक मिलीमीटर म्हणजे साधारण एक क्विंटल.

साचलेल्या पाण्यालाही हाच हिशोब. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाइपच्या जाळीत दुधाची पिशवी अडकली आणि निम्म्या गच्चीवर चार बोटं पाणी उभं राहिलं. चार बोटं म्हणजे ७५ मिलीमीटर धरा: १४० × ७५, साडेदहा टन. वॉचमनने कोपरापर्यंत हात घालून पिशवी ओढली, तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत पाइप घरघरताना ऐकू येत होता.