गावातल्या पोरांना आयटीसाठी तयार करायचंय? मग असं करा

पहिलं म्हणजे एमएस-सीआयटी झालं की आयटीत जॉब लागतो हे डोक्यातून काढा, तो कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो, बस. आयटीआयचा कोपा ट्रेड (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) त्यापेक्षा बरा, एक वर्षाचा आहे आणि दहावीवर मिळतो.

सुरुवात टायपिंग आणि एक्सेलपासून करा. लगेच पायथॉनसारखं प्रोग्रामिंग नको. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती काढायची-बदलायची भाषा, आणि तेही पुस्तकातल्या एम्प्लॉयी टेबलवर नाही हो, गावच्या दूध डेअरीचा हिशोब घ्या: सभासद नंबर, लिटर, फॅट, रेट. फॅट कळतं त्या पोराला जॉईन (दोन टेबलं जोडणं) पण पटकन कळतो, हे मी स्वतः बघितलंय. एकाने अपडेट मारताना व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) लावलंच नाही, सगळ्या सभासदांचं फॅट 6.5 झालं, गाईवाल्यांचं पण! कॉपीवरच काम चालू होतं म्हणून वाचलो, पण त्या दिवसापासून बॅकअप घ्या असं कुणाला सांगावं लागलं नाही.

डायरेक्ट डेव्हलपरच व्हायचं असा हट्ट नको, सपोर्ट आणि टेस्टिंगमधून पण आत शिरता येतं. फुकट ऑनलाइन शिकायला सरकारचं स्वयम आहे, इन्फोसिस कंपनीचं स्प्रिंगबोर्ड आहे, उगाच लाखभर फी कशाला भरायची.

इंग्लिशची भीती असतेच, त्यावर रोज एक एरर मेसेज मोठ्याने वाचायचा आणि मराठीत समजावून सांगायचा, शेवटी स्वतः इंग्लिशमध्ये तीन ओळींचा मेल लिहायचा, चुका झाल्या तरी पाठवायचाच.