ऋतू शिकवताना एकाच जागेची दोन चित्रं

पाठ्यपुस्तकात ऋतूंचं एकच चित्र असतं, त्यामुळे मुलांना बदल दिसतच नाही. नासाचं वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळ फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि 2000 सालापासूनची उपग्रहचित्रं तारखेनुसार पाहता येतात.

1. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते उघडा आणि नकाशा हव्या त्या प्रदेशावर आणा.
2. तुलनेचं बटण दाबा. 'ए' आणि 'बी' अशा दोन बाजू होतात. एकीला फेब्रुवारीची, दुसरीला ऑगस्टची तारीख द्या.
3. मधली रेघ सरकवा. आधी मुलांना अंदाज सांगू द्या, मगच सरकवा (खरी मजा तिथेच आहे).

सुरुवातीला बोत्स्वानातला ओकावांगो त्रिभुज प्रदेश घ्या. तिथे पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो, पण पुराचं पाणी पसरतं ते जून ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत! हे पाणी अंगोलाच्या डोंगराळ भागातून महिनोन् महिने वाट काढत येतं. 'पाऊस नाही, मग पूर कुठून?' एवढ्या एका प्रश्नावर अख्खा तास रंगतो.

ढगाळ दिवसाचं चित्र नुसतं पांढरं दिसतं, म्हणून आदल्या दिवशीच निरभ्र तारखा शोधून चित्रं उतरवून ठेवा. वर्गात नेट गेलं तरी अडत नाही.