बायकोची टेस्ट निगेटिव्ह म्हणून मी पण निगेटिव्ह? पुरुष, एचआयव्ही आणि आफ्रिकेतल्या या चुका टाळा

आधी एक सांगतो, "आफ्रिकेत एड्स फार" असं सरसकट बोलू नका. एस्वातिनीत साधारण चार प्रौढांमागे एकाला एचआयव्ही आहे आणि सेनेगलमध्ये शंभरात एक पण नाही, मग कुठली आफ्रिका म्हणायची? तिकडच्या पुरुषांच्या भानगडीच जास्त असतात हा आपला आवडता समज पण सर्व्हेत टिकत नाही, आयुष्यभरातले पार्टनर मोजायला गेलं तर युरोप-अमेरिकेतले बरेच पुरुष पुढे निघतात. चुका आहेत, पण वेगळ्या आहेत.

बायकोच्या रिपोर्टवर स्वतःचं भागवणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांत बाई गरोदर राहिली की दवाखान्यात तिची एचआयव्ही टेस्ट होतेच. पुरुषाला दवाखान्यात जायला असं काही निमित्तच नाही, गेला तर समोर सगळ्या बायका आणि पोरं, सकाळपासून लाइन आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. मग तो बायकोचा निगेटिव्ह रिपोर्ट बघतो आणि म्हणतो चला, आपण पण सुटलो. पण जोडप्यातल्या एकाला लागण आणि दुसऱ्याला कितीतरी वर्षं नाही, असं तिकडं खूप दिसतं. हा गडी दवाखान्यात पोचतो तो थेट टीबी झाल्यावर.

उपाय म्हणजे स्वतःची टेस्ट, दुसरं काही नाही. केनिया आणि मलावीत गरोदर बाईच्या हातात नवऱ्यासाठी सेल्फ-टेस्ट किट देऊन पाहिलं आणि त्याने पुरुषांच्या टेस्ट वाढल्या. किटमधली काडी वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एकेकदा फिरवायची, किटसोबतच्या बाटलीतल्या द्रवात उभी करायची, वीस मिनिटं थांबायचं. इथे लोक गडबड करतात: हिरडीवरून काडी फिरवायची सोडून नुसती थुंकी घेतात, चहा पिऊन लगेच टेस्ट करतात, नाहीतर पाच मिनिटांतच बघून फेकून देतात. दोन रेघा आल्या तर दवाखान्यात जाऊन पक्की टेस्ट करा. एक रेघ आली पण मागच्या तीन महिन्यांत रिस्क घेतली असेल तर नंतर परत करा. आणि एचआयव्हीच्या गोळ्या आधीच चालू असतील तर हे किट वापरूच नका, खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

"दोघीच तर आहेत, दोघी पण ओळखीच्या"

ओळखीची म्हटल्यावर कंडोम सुटतो, हीच गोम आहे. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि टेस्टमध्ये अजून काही दिसत नसतं, त्या काळात एकाच वेळी दोन घरं चालू असतील तर दुसरीकडं पोचायला वेळ लागत नाही. युगांडाने १९८० च्या दशकात 'झीरो ग्रेझिंग' मोहीम काढली ती ह्याचसाठी, बाहेर चरू नका असं सरळ सांगितलं. संशोधकांमध्ये ह्या एकाच वेळच्या संबंधांवर वाद आहे, सगळा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही म्हणतात, ते पण खरंय. वयाचा मुद्दा मात्र पक्का आहे. २०१७ मध्ये आलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या अभ्यासात विषाणूचे जनुकीय नमुने जुळवले तेव्हा दिसलं की पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण होते ती साधारण आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून, आणि त्या पुरुषांचा धागा जुळतो त्यांच्याच वयाच्या बायकांशी. पुढे त्याच मुली मोठ्या होतात आणि चक्र चालूच.

सुंता झाली म्हणजे काम झालं

ऑरेंज फार्म (दक्षिण आफ्रिका), किसुमू (केनिया) आणि राकाई (युगांडा) इथल्या ट्रायलमध्ये सुंता केल्यावर बाईकडून पुरुषाला होणारी लागण साधारण ६० टक्क्यांनी कमी झाली, मग २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेची शिफारस केली. ६० म्हणजे १०० नव्हे. बायकोला ह्याने थेट संरक्षण नाही, आणि जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात, तेवढं थांबायचं. काही ठिकाणी पारंपरिक विधीत कातडी अर्धवटच काढतात, त्यावर भरवसा नको.

नंतर अंघोळ

हसू नका. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष जेकब झुमांनी कोर्टात सांगितलं की एचआयव्ही असलेल्या बाईशी संबंधानंतर रिस्क कमी व्हावी म्हणून शॉवर घेतला, आणि हा माणूस आधी देशाच्या एड्स कौन्सिलचा प्रमुख होता! (बलात्काराच्या त्या खटल्यात ते निर्दोष सुटले.) साबणाने काही होत नाही. ७२ तासांच्या आत पेप (संबंधानंतर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) चालू करा, जितकं लवकर तितकं बरं, २८ दिवस पूर्ण. वारंवार रिस्क येत असेल तर आधीपासून घ्यायच्या प्रेपच्या गोळ्या आहेत, आणि आता सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन पण आलंय.

पोस्टरवर फक्त नवरा-बायको

वर्षानुवर्षं तिकडच्या पोस्टरवर एक बाई आणि एक पुरुष, बस. त्यातून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कितीतरी पुरुषांनी असा अर्थ काढला की गुदसंबंधात धोका नाही, खरं तर तिथेच जास्त आहे. त्यात तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन लावलं की लेटेक्स कंडोम काही मिनिटांत कमकुवत होतो, पाण्याचा किंवा सिलिकॉनचा ल्यूबच हवा. यातल्या बऱ्याच जणांना बायको-पोरं पण असतात आणि डॉक्टरला खरं सांगायची सोय नाही, युगांडाच्या २०२३ च्या समलैंगिकताविरोधी कायद्यात तर जन्मठेपेपासून काही बाबतीत फाशीपर्यंत शिक्षा आहे. असं असताना "पुरुष पुढे येत नाहीत" म्हणून कपाळाला हात लावणं मला पटत नाही.

बिअरच्या दिवशी गोळी नको

शनिवारी प्यायची म्हणून एचआयव्हीची रोजची गोळी चुकवायची, हे खाणकामगारांपासून ट्रकवाल्यांपर्यंत चालतं. दारू कमी करा ते ठीक, पण प्यायली तरी गोळी घ्यायचीच, कारण नागा पडले की विषाणू परत वर येतो. रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये सापडेनासं झालं की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. लवकर उपचाराने लागण ९६ टक्के कमी होते असं २०११ मध्ये ज्या अभ्यासात दिसलं त्यात मलावी, झिंबाब्वे, बोत्स्वानाबरोबर आपल्या पुण्यातली जोडपी पण होती. त्याआधी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षाला साधारण ३५० डॉलरमध्ये गोळ्या देऊ केल्या, तोवर हाच खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. लांबच्या फेरीला जाणाऱ्याने दवाखान्यात आधीच सांगून तीन-सहा महिन्यांचा स्टॉक मागून घ्यावा, बऱ्याच देशांत देतात, आणि बॉर्डरवर अडकलो तर आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या केबिनमध्ये वेगळ्या ठेवाव्यात.